पाच-सहा राउंडची मुलाखत: पहिल्या फोनपासून जॉइनिंगपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

तांत्रिक राउंडला उत्तरं आली नाहीत म्हणून नोकरी गेली, तर अभ्यास वाढवता येतो. पण लांबलेल्या प्रक्रियेत उमेदवार घसरतात ते दोन राउंडच्या मधे. पहिल्या फोनवर सांगितलेला पगार चौथ्या राउंडला आठवत नाही. मार्कशीटवरचं नाव पॅन कार्डाशी जुळत नाही. ऑफर लेटर हातात यायच्या आधीच राजीनामा देऊन झालेला असतो. कंपनी नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातली असो, गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधली असो की पुण्या-हैदराबादची, चुका त्याच होतात आणि बहुतेक चुका कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे होतात. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या.

टप्पा 1: अर्ज करण्याआधी कागद आणि नाव

कागद मागितल्यावर शोधायला लागलात तर उशीर झाला. दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, पॅन, आधार, आधीच्या प्रत्येक नोकरीचं ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र), शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, फॉर्म 16 (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ करा आणि फाइलला कागदाचं नाव द्या. मोबाइलने काढलेला तिरका फोटो, कोपऱ्यात अंगठा आलेला, असला कागद पोर्टल परत पाठवतं.

आता नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी असतं. कंपनीच्या पोर्टलवर 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोन रकाने असतात आणि घाईत भरणारा मार्कशीट समोर ठेवून आडनाव पहिल्या रकान्यात टाकतो. तेच नाव पुढे टेस्टच्या लिंकवर, ऑफर लेटरवर आणि पीएफच्या नोंदीत जातं. म्हणून एकच नियम ठेवा: पॅनवर जसं नाव आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावं जोडणारा कागद लागतो: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. राजपत्राला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच करा.

नागपूर विद्यापीठातून शिकलेल्यांची आणखी एक नेहमीची चूक. शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट 'उन्हाळी 2022' ची असते, पण मागे राहिलेला एक विषय 'हिवाळी 2022' मध्ये निघालेला असतो. उमेदवार रेझ्युमेवर मे 2022 ला पास झालो असं लिहितो. पडताळणी करणारा मात्र शेवटचा विषय निघालेली परीक्षा धरतो. दोन्हींत सहा महिन्यांचा फरक पडतो आणि त्याला खोटी माहिती म्हणतात. एटीकेटी (विषय मागे ठेवून पुढे जाणं) असणं फारसं कोणी मनावर घेत नाही, लपवलेली मात्र घेतात. प्रत्येक प्रयत्नाची मार्कशीट ठेवा. पदवी प्रमाणपत्र काढलंच नसेल तर विद्यापीठात आजच अर्ज टाका, कारण प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्रावर सगळ्या कंपन्या कायम थांबत नाहीत.

*तपासा:* पीएफचं पासबुक उघडा. जुन्या नोकरीची सुरू झाल्याची आणि सोडल्याची तारीख रेझ्युमेशी जुळते का? सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) पोर्टलवर ती स्वतः टाकता येते.

टप्पा 2: एक वही

एक्सेल चालेल, दोनशे पानी वहीही चालेल. प्रत्येक कंपनीला एक पान. त्यावर अर्ज कधी आणि कोणामार्फत केला, कोणता रेझ्युमे पाठवला, फोन कोणाचा आला, आणि सगळ्यात महत्त्वाचे चार आकडे: आत्ताचा पगार, अपेक्षित पगार, नोटिस पिरियड (राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागतं), एकूण अनुभव. शेवटी प्रत्येक राउंडला काय विचारलं तेही.

पाचवा राउंड घेणाऱ्याच्या समोर आधीच्या चौघांचे शेरे असतात. तुमच्यासमोर काहीच नसेल तर बाजू त्याचीच वरचढ राहणार.

*सावधान:* एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सीमार्फत (उमेदवार पुरवणाऱ्या एजन्सी) नाव जाऊ देऊ नका. ज्याने आधी टाकलं त्याच्या नावावर तुमची नोंद काही महिने राहते. दुसऱ्याने पुन्हा टाकली की डुप्लिकेट म्हणून दोन्ही अडकतात. कन्सल्टन्सीवाला 'एका मोठ्या एमएनसीसाठी' म्हणाला की कंपनीचं नाव विचारा. नाव सांगितल्याशिवाय रेझ्युमे पाठवू नका.

टप्पा 3: पहिला फोन

हा दहा मिनिटांचा फोन लोक गाडी चालवताना, वर्धा रोडवर सिग्नलला उभं राहून घेतात. 'मॅडम, मी आत्ता बाहेर आहे, साडेसहाला फोन करू का?' एवढं म्हटल्याने कोणी नाव काढून टाकत नाही. घाईत तोंडातून निघालेला आकडा मात्र शेवटपर्यंत चिकटतो.

सध्याचा पगार सांगताना फिक्स्ड (दरमहा ठरलेला) वेगळा, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा) वेगळा. 'सहा लाख, त्यातले पाच चाळीस फिक्स्ड आणि साठ हजार व्हेरिएबल' हे उत्तर पुढे सॅलरी स्लिपशी जुळतं. नुसतं 'सहा' म्हटलंत तर स्लिपमध्ये सहा दिसत नाहीत आणि शंका तुमच्यावर येते. पगार फुगवून सांगू नका. स्लिप, फॉर्म 16 आणि बँक स्टेटमेंट या तिन्हींत तो उघडा पडतो.

नोटिस पिरियड नियुक्तिपत्रात लिहिलेला सांगा. नव्वद दिवसांचा असताना 'तीस दिवसांत होऊन जाईल' असं सांगणारे शेवटी दोन्हीकडून अडकतात.

तुम्हीही चार गोष्टी विचारून घ्या. एकूण राउंड किती? त्यातले ऑनलाइन किती, प्रत्यक्ष किती? कामाचं ठिकाण नागपूरच, की 'सुरुवातीला नागपूर'? शिफ्ट कोणती? यातली तिसरी गोष्ट नंतर ऑफर लेटरमध्ये लेखी पाहायची आहे, म्हणून उत्तर वहीत उतरवा.

टप्पा 4: ऑनलाइन टेस्ट

इथे अभ्यासाइतकीच खोलीही नापास करते. मे महिन्यात दुपारी तीनची टेस्ट आणि खिडकीत लोखंडी कूलर. तो पंखा, तो पंप, पाण्याची धार हे सगळं माइकमध्ये जातं आणि निगराणीचं सॉफ्टवेअर 'खोलीत दुसरा आवाज' अशी नोंद करतं. उपाय साधा आहे. टेस्टच्या तासभर आधी खिडक्या-पडदे लावून खोली थंड करून घ्या आणि सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी कूलर बंद करा. निवडता येत असेल तर सकाळचा स्लॉट घ्या.

वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, वायफाय मरतं. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे का ते मेन स्विच पाडून पाहा. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी लॅपटॉपला एकदा जोडून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही.

त्या दिवशीचा क्रम:

1. 45 मिनिटं आधी लॅपटॉप रीस्टार्ट. अपडेट, व्हॉट्सॲप वेब, क्लाउडचं सिंक बंद.
2. 30 मिनिटं आधी कॅमेरा-माइकची चाचणी. उजेड चेहऱ्यावर हवा, खिडकी पाठीमागे नको.
3. 20 मिनिटं आधी लॉगिन. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर थोडं तिरकं धरा, सरळ धरलं की प्लास्टिकवर उजेड चमकतो आणि नाव वाचता येत नाही.
4. घरच्यांना नेमकी वेळ सांगून दाराला आतून कडी. 'काही नाही, चहा ठेवून जाते' म्हणत आत आलेली आई कॅमेऱ्यात दुसरी व्यक्तीच ठरते.

कच्चं काम कागदावर करायला परवानगी आहे का, हे सूचनांमध्ये वाचा. नसेल तर मान खाली घालून लिहू नका, नजर सतत हटल्याचीही नोंद होते.

*सावधान:* मधेच बंद पडलं तर लगेच स्क्रीनचा फोटो काढा, वेळ दिसेल असा. दहा मिनिटांच्या आत टेस्टच्या मेलवर दिलेल्या मदत पत्त्यावर तो पाठवा. दुसऱ्या दिवशी सांगितलेलं कारण कोणी ऐकून घेत नाही.

टप्पा 5: तांत्रिक राउंड

रेझ्युमेवरची प्रत्येक ओळ प्रश्न म्हणून वाचा. ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नाही ती खोडा. शेवटचे दोन प्रोजेक्ट एका कागदावर मांडा: काम काय होतं, त्यातलं तुमचं नेमकं किती, अडलं कुठे, कसं सोडवलं. 'आम्ही केलं, आम्ही बसवलं' असं बोलत राहिलात तर समोरचा 'यात तुमचं काय?' हे विचारणारच. तोवर वाट का पाहायची?

घरात आपण मराठी-हिंदी मिसळून बोलतो आणि राउंड इंग्रजीत होतो. डोक्यात तयार असलेलं उत्तर तोंडातून नीट निघेलच असं नाही. नव्वद सेकंदांची ओळख आणि एक प्रोजेक्ट, एवढं मोठ्याने बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकवत नाही, पण ऐका.

उत्तर येत नसेल तर तसं सांगून जवळचं जे माहीत आहे तिथून सुरुवात करा. कानात हेडफोन घालून दुसऱ्याकडून उत्तरं घेण्याचे प्रकार मुलाखत घेणाऱ्यांना पाठ झालेत. थांबण्याची लकब, डोळ्यांची हालचाल, सगळं कळतं.

राउंड संपला की अर्ध्या तासात प्रश्न वहीत उतरवा. न आलेला प्रश्न पुढच्या राउंडला पुन्हा येतो, कधी मुद्दाम.

घरी करायला असाइनमेंट दिली तर किती तासांचं काम अपेक्षित आहे ते आधी विचारा. एखादी संध्याकाळ, फार तर शनिवार-रविवार, इथवर ठीक. त्यापलीकडे कोणी त्यांच्याच ग्राहकाचं काम करून मागत असेल, तर ते काम फुकटात उरकून घेणं आहे. आराखडा आणि एक नमुना द्या, उरलेलं बोलून समजावतो म्हणा.

टप्पा 6: प्रत्यक्ष भेटीचा राउंड

*नागपुरातच असेल तर:* मिहानला जायला मेट्रो खापरीपर्यंत नेते, पण तिथून एसईझेडच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) आतली इमारत चालत गाठण्यासारखी नाही. ऑटो किंवा कॅबचा वेळ वेगळा धरा. गेटवर मूळ ओळखपत्र आणि आमंत्रणाचा मेल दाखवावा लागतो. पास बनतो, लॅपटॉप असेल तर त्याची नोंद होते. अकराची वेळ असेल तर साडेदहाला इमारतीत नव्हे, दहा-सव्वादहाला गेटवर.

*पुण्या-मुंबईला बोलावलं तर:* बोलावणं दोन-तीन दिवस आधी येतं आणि रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडलेलं असतं, म्हणजे तत्काळशिवाय गत नाही. तत्काळ गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 ला, स्लीपरचं 11 ला. आयआरसीटीसीचं खातं आधारशी पडताळलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, हे काम आजच उरकून ठेवा. दिवाळीच्या आसपास पुण्याच्या गाड्यांचा भरवसा धरू नका.

तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी मेलवर विचारा. प्रवासखर्च मिळेल का? आणि हा राउंड ऑनलाइन होईल का? दुसऱ्या प्रश्नाला 'हो' मिळण्याची शक्यता उमेदवारांना वाटते त्यापेक्षा जास्त असते, विचारतच नाहीत लोक. जावंच लागलं तर सकाळी पोचून त्याच सकाळची वेळ घेऊ नका. दुपारी दोननंतरची मागा, गाडी दोन तास उशिरा आली तरी आंघोळ करून पोचता येतं.

टप्पा 7: थांबण्याचा काळ

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'दोन दिवसांत कळवतो' म्हणतात आणि दोन आठवडे जातात. बजेटची मंजुरी अडकलेली असते, मॅनेजर सुटीवर असतो, किंवा तुमच्या पुढचा उमेदवार ऑफर स्वीकारतो का याची ते वाट पाहत असतात. म्हणजे तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. असं कोणी सांगत नाही, पण पहिला उमेदवार मागे हटण्याचे प्रकार इतके आहेत की दुसरा क्रमांक वाईट नाही.

विचारपूस अशी करा: सांगितलेली तारीख उलटल्यावर दोन कामाचे दिवस थांबा, मग एक मेल. आठवड्याने एक फोन. आणखी आठवड्याने शेवटचा मेल. त्यानंतर त्या पानावर रेघ मारा. फोनवर इतकंच पुरे: 'सर, 12 तारखेला माझा तिसरा राउंड झाला. पुढचा कधी धरायचा, आणि माझ्याकडून काही कागद हवा आहे का?' रोज सकाळी 'गुड मॉर्निंग सर, काही अपडेट?' पाठवणाऱ्याचा नंबर म्यूट होतो.

या काळात दुसरे अर्ज थांबवू नका. आणि नकार आला तर पुन्हा अर्ज कधी करता येईल ते विचारून ठेवा. अनेक ठिकाणी सहा महिने थांबावं लागतं.

*सावधान:* इंटरव्ह्यू फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे परत मिळणारे पैसे, गेटपासचे दोन हजार. यातलं काहीही मागितलं की ती फसवणूक. खरी कंपनी पैसे मागत नाही. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का, अक्षर-अक्षर जुळवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन.

टप्पा 8: एचआर आणि पगाराचं गणित

सहा लाखांना बाराने भागून 'पन्नास हजार हातात' असं घरी सांगू नका. एक नमुना पाहा.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 6,00,000. त्यातून व्हेरिएबल 60,000 बाजूला. बेसिक (मूळ पगार) 3,00,000 धरलं तर कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 36,000. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 14,430. विम्याचा हप्ता 9,570 धरू. उरले 4,80,000, महिन्याला 40,000. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300). हातात 36,800.

पन्नास आणि छत्तीस हजार आठशे यात जेवढं अंतर आहे, तेवढाच घोळ ऑफर तुलना करताना होतो. पीएफ काही कंपन्या पूर्ण बेसिकवर कापतात, काही 15,000 च्या मर्यादेवर महिना 1,800. म्हणून दोन ऑफर सीटीसीने मोजू नका. एचआरला महिन्याची पूर्ण फोड मेलवर मागा: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि कधी मिळतं, जॉइनिंग बोनस सीटीसीत धरला आहे का, आणि वर्षाच्या आत सोडल्यास तो परत द्यावा लागतो का.

आकडा वाढवून मागायचा तर तोंडी ऑफर आल्यावर आणि लेटर निघण्याआधी, एकदाच, कारणासह. सही केल्यावर मागणाऱ्याला कोणी वाढवून देत नाही. पुण्याची आणि नागपूरची ऑफर समोर असेल तर दोन्हींच्या हातात येणाऱ्या पगारातून भाडं आणि जेवण वजा करून मगच बोला.

टप्पा 9: ऑफर लेटर, मग राजीनामा

क्रम उलटा करू नका. 'सिलेक्ट झालात, अभिनंदन' हा फोन म्हणजे ऑफर नाही. 'लेटर ऑफ इंटेंट' (नुसता इरादा कळवणारं पत्र) म्हणजेही पूर्ण ऑफर नाही. लेटरवर पद, पगाराची फोड, कामाचं ठिकाण, जॉइनिंगची तारीख आणि नोटिस पिरियड हे पाचही दिसले पाहिजेत. पहिल्या फोनवर नागपूर म्हटलं होतं आणि लेटरमध्ये 'भारतातील कोणतंही कार्यालय' आहे? सही करण्याआधी मेलवर स्पष्ट करून घ्या. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत पाहा.

लेटर वाचलं, स्वीकारल्याचा मेल गेला, त्यांची पोच आली. आता राजीनामा. तोही मेलवर, तारखेसह, आणि स्वतःच्या खासगी मेलला प्रत ठेवून. शेवटचा दिवस कंपनीकडून लेखी घ्या. नोटिस विकत घेऊन, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, लवकर सुटायचं असेल तर वसुली बेसिकवर होते की ग्रॉसवर (कपातीआधीच्या पूर्ण पगारावर), हे एचआर पॉलिसीत पाहा. रक्कम दुपटीपर्यंत बदलू शकते. नवी कंपनी ती भरून देणार असेल तर तेही लेटरमध्येच हवं.

टप्पा 10: पडताळणी

कंपनीने नेमलेली बाहेरची एजन्सी शिक्षण, नोकऱ्या, पत्ता आणि काही ठिकाणी पोलीस नोंदी तपासते. यूएएनवरून पीएफ भरलेल्या प्रत्येक मालकाची नोंद दिसते, त्यामुळे रेझ्युमेतून गाळलेली तीन महिन्यांची नोकरी किंवा एकाच वेळच्या दोन नोकऱ्या इथेच सापडतात. अशी नोकरी असेल तर फॉर्म भरतानाच लिहा. एजन्सीने विचारल्यावर सांगितलं तर ते लपवणंच ठरतं.

जुनी कंपनी बंद पडली असेल तर नियुक्तिपत्र, स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट एकत्र जोडा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पत्ता विचारायला आलेल्या माणसाला 'इथे कोणी नाही असं' म्हणून परत पाठवल्याने आठवडा जातो.

*तपासा:* फॉर्ममधल्या तारखा रिलीव्हिंग लेटरवरून उतरवल्या आहेत की आठवणीने? आठवणीने असतील तर पुन्हा भरा.

टप्पा 11: नोटिस पिरियड ते पहिला दिवस

नव्वद दिवसांत दुसरी ऑफर घेऊन पहिली सोडण्याचं इतकं झालंय की कंपन्या दर आठवड्याला फोन करून चाचपतात. फोन उचला. विचार बदलला असेल तर जॉइनिंगच्या सकाळी मोबाइल बंद करण्यापेक्षा पंधरा दिवस आधी मेल करा. नागपुरातल्या एचआरच्या वर्तुळात नावं लक्षात राहतात.

शेवटच्या दिवशी जुन्या ऑफिसमधून बाहेर पडण्याआधी सगळ्या स्लिपा आणि फॉर्म 16 खासगी मेलवर घ्या, कारण संध्याकाळी लॉगिन बंद होतं. लॅपटॉप परत दिल्याची सही घ्या. रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी मिळेलच असं नाही, तोवर राजीनामा स्वीकारल्याचा मेल नव्या कंपनीत चालेल का, हे आधी विचारून ठेवा.

पहिल्या दिवशी मूळ कागद, दोन जोड झेरॉक्स, चार फोटो आणि रद्द केलेला चेक. आणि जुना मोबाइल नंबर निदान सहा महिने चालू ठेवा, पीएफ वळवतानाचा ओटीपी नोंदलेल्या नंबरवरच येतो.